महिनाभर मुरलेली बातमी

टपाल कचेरीच्या मागच्या भिंतीला लागून फुटपाथवर अकरा पावलं लांबीची एक ताडपत्री रोज सकाळी नऊला अंथरली जाते. ताडपत्रीवर जुनी पुस्तकं, आणि पुस्तकांच्या मागे लाकडी खोक्यावर एक माणूस. त्याचं खरं नाव फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, आणि त्यांनाही ते वापरायची सवय राहिलेली नाही. सगळा रस्ता त्याला ‘अग्रलेख’ म्हणतो. जगाच्या पाठीवर कुठंही खुट्ट झालं की त्यावर मत द्यायला हा मोकळा. मत मागावं लागत नाही. तुम्ही शब्दकोश घ्यायला आलात, तरी त्यासोबत धान्याच्या भावाबद्दल, शेजारच्या देशाशी चाललेल्या बोलण्यांबद्दल आणि नव्या शिक्षणमंत्र्याच्या अकलेबद्दल चार शब्द ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही. शब्दकोश मात्र तो स्वस्त देतो, हे सांगायलाच हवं.

मांडणी त्याची ठरलेली. जाड शब्दकोश चार कोपऱ्यांवर, वाऱ्यानं ताडपत्री उडू नये म्हणून. पुढच्या रांगेत शाळा-कॉलेजची पुस्तकं, मग स्वयंपाकाची, मग आरोग्याची, मग हात बघायची. भिंतीशी कादंबऱ्या. शेवटची पानं फाटलेल्या कादंबऱ्यांचा ढीग निराळा. त्यांचा शेवट तो गिऱ्हाइकाला तोंडी सांगतो, आणि दर गिऱ्हाइकाला वेगळा सांगतो. एकदा दोन जावा भांडतच आल्या. थोरलीनं नेलेली कादंबरी धाकटीनंही वाचली होती. थोरलीला त्यानं नायिकेचं लग्न लावून दिलं होतं आणि धाकटीला तीच नायिका विहिरीत ढकलली होती. “माणसाचा स्वभाव बघून शेवट सांगावा लागतो,” म्हणाला. दोघी परत जाताना त्याच्यावर चिडायचं विसरून एकमेकींच्या स्वभावावर घसरल्या होत्या.

त्याला आणखी एक खोड आहे. पुस्तक मांडण्याआधी त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तो पेन्सिलीनं किंमत लिहितो, तारीख लिहितो आणि खाली ‘टपाल कचेरीची भिंत’ असा पत्ता घालतो. इथवर ठीक आहे. पण एवढं लिहूनही पान रिकामं उरतं, आणि रिकामं पान बघून गप्प बसणं या माणसाच्या रक्तात नाही. मग तो ‘माझं मत’ असं लिहून त्या दिवशी वाचलेल्या बातमीवर एक ओळ ठोकून देतो. स्वयंपाकाच्या पुस्तकामागे साखरेच्या आयातीवर मत, मूळव्याधीच्या पुस्तकामागे खुर्ची न सोडणाऱ्या मंत्र्यावर मत. काही गिऱ्हाइकं पुस्तक मागूनच उघडतात. पुस्तकापेक्षा मत बरं असेल तर घेतात.

आता यातली खरी गंमत ऐका. अग्रलेख जो पेपर वाचतो, तो महिनाभर जुना असतो.

याला कारण घडलं चोवीस वर्षांपूर्वी. तेव्हा धंद्याला दोनच वर्षं झाली होती आणि तो चारचौघांसारखा ताजा पेपर वाचायचा. एका सकाळी पहिल्या पानावर बातमी आली, की नववी-दहावीचा अभ्यासक्रम बदलणार. याच्याकडे जुन्या अभ्यासक्रमाची चार पोती पुस्तकं पडलेली. पठ्ठ्यानं दुपारच्या आत ती रद्दीत वजनावर घातली आणि संध्याकाळी आपल्या चपळाईबद्दल आपलीच पाठ थोपटून घेतली. तीन आठवड्यांनी सातव्या पानाच्या तळाला दोन ओळी छापून आल्या, अभ्यासक्रम यंदा बदलणार नाही. शाळा उघडल्या, पोरं पुस्तकं मागायला आली, आणि हा हात चोळत बसला. त्या दिवसापासून त्यानं कानाला खडा लावला. “बातमी मुरू द्यावी. ताजी बातमी कच्ची असते, पोटाला बाधते. महिनाभर ठेवली की खोटी असेल ती सडते, खरी असेल ती टिकते.” रद्दीवाल्याकडून तो महिन्याचा गठ्ठा आणतो आणि रोज एकच पेपर काढतो, मागच्या महिन्यातला, त्याच तारखेचा. एक दिवस पुढं नाही, एक दिवस मागं नाही.

यातली गोम त्याच्या बायकोनं लग्नानंतर आठव्या दिवशी ओळखली. “अहो, बातमी तुम्ही महिनाभर ठेवलीत. पण त्या महिन्यात पुढं काय झालं, ते कुठं वाचलंय तुम्ही? मग कुठली सडली ते कळणार कसं?” अग्रलेख म्हणाला, विचार करून सांगतो. अजून विचार चालू आहे.

त्यामुळं व्हायचं ते होतं. त्याची मतं एरवी जेवढी चुकली असती तेवढीच चुकतात, फक्त महिनाभर उशिरा चुकतात. सरकार पडून पंधरा दिवस झाले तरी हा ते कसं टिकेल ते समजावून सांगत असतो. गेल्या निवडणुकीत निवडून आलेल्याची मिरवणूक ढोल बडवत याच्या ताडपत्रीसमोरून गेली, तर यानं डोळे गच्च मिटले आणि घोषणा ऐकू येऊ नयेत म्हणून एकोणीसचा पाढा मोठ्यानं म्हणायला लागला. कुणी ताजी बातमी सांगायला आलं की कानात बोटं आणि तोंडात एकोणीसचा पाढा, हा त्याचा नेम आहे. शेजारी बसणारा किल्लीवाला दर निवडणुकीत त्याच्याशी चहाची पैज लावतो. निकाल लागून तीन आठवडे झालेले असतात. किल्लीवाला आजवर एकही पैज हरलेला नाही, आणि अग्रलेख त्याला राजकारणातला फार मोठा जाणकार समजतो.

घरीही हाच कारभार. बायको शिवणयंत्रावर बसून काजं-बटणं करते, तीन शिंप्यांचं काम तिच्याकडे येतं. यंत्राशेजारी रेडिओ चालू असतो. गाणी संपून ‘आता बातम्या’ असं कुणी म्हणायच्या आत तिनं बटण फिरवायचं, असा घरातला कायदा. तो घरी नसला तरी हात आपोआप बटणाकडे जातो. तेवीस वर्षांची सवय आहे, तिला तरी काय बोल लावणार.

तर एका पाच तारखेला ताज्या पेपरात चौथ्या पानावर पालिकेची चौकोनी सूचना आली. फुटपाथवर बसणाऱ्या विक्रेत्यांना आता परवाने मिळणार. पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच जागी बसत असल्याचा पुरावा जोडून पुढच्या महिन्याच्या चार तारखेपर्यंत अर्ज करावा. मुदतीत अर्ज न करणाऱ्यांची जागा रिकामी करण्यात येईल.

किल्लीवाल्यानं ती त्याच सकाळी वाचली. पेपर हातात घेऊनच तो ताडपत्रीशी आला.

“अग्रलेख, हे बघ, पेपरात आलंय...”

“एकोणीस एके एकोणीस,” अग्रलेख म्हणाला आणि कानात बोटं घातली.

“अरे, आपल्या जागेचं आहे.”

“एकोणीस दुणे अडतीस.”

दुसऱ्या दिवशी किल्लीवाला पुन्हा आला, पाढा एकोणीस सत्ते एकशेतेहतीसपर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं खुणेनं सांगून बघितलं. ताडपत्रीकडे बोट दाखवलं, मग हातानं पुसून टाकल्यासारखं केलं. अग्रलेखाला वाटलं, हा ताडपत्री धुवायला सांगतोय. “मागच्याच आठवड्यात धुतली,” म्हणाला. किल्लीवाल्यानं कपाळाला हात लावला. “मर मग,” असं म्हणून तो आपल्या जागेवर गेला. वहिनींना रेडिओवरून कळलंच असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. त्या घरात बातम्यांना बंदी आहे, हे त्या भल्या माणसाला कुठून माहीत असणार.

महिना गेला. पुढच्या पाच तारखेला सकाळी दहा वाजता अग्रलेखानं गठ्ठ्यातून पाच तारखेचा पेपर काढला. पहिल्या पानावरच्या धरणावर त्यानं मत बनवलं, तिसऱ्या पानावरच्या बँकेवर बनवलं आणि चौथ्या पानावर आला. सूचना एकदा वाचली. मग पुन्हा वाचली. मग बोटांवर तारीख मोजली. मुदत काल संपली होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सव्वीस वर्षं ऊन-वारा खाऊन धरलेली अकरा पावलं जमीन. आणि ती काढून घेणार असल्याचं पालिकेनं रीतसर, चौकट करून, महिनाभर आधी सांगितलेलं. ते यानं जपून, मुरवून, बरोबर एक दिवस उशिरा वाचलं होतं.

“तू मला सांगितलं का नाहीस?” तो किल्लीवाल्यावर उखडला.

“तीन वेळा आलो. तू पाढा म्हणत होतास.”

“माझा हात धरायचास, बोटं ओढून काढायचीस.”

“तूच म्हणाला होतास, महिन्याच्या आत पेपरातलं सांगशील तर मैत्री तुटली. तोंड वर करून मलाच विचारतोस आता?” किल्लीवाल्याचा आवाज चढला, पण मित्राचा चेहरा बघून लगेच खाली आला. “तू जा पालिकेत. पाया पड कुणाच्या तरी. पुस्तकं मी बघतो. आणि तिथं मत देऊ नकोस, हात जोडतो.”

पालिकेत तीन नंबरच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. अग्रलेखानं आयुष्यात पहिल्यांदा प्रस्तावना न करता बोलायला सुरुवात केली. चूक माझीच आहे, म्हणाला, मुदत काल संपली हे मला आत्ता कळलं, पण पोटावर पाय देऊ नका.

“मुदत कुठं संपली?” मुलगी म्हणाली. “पंधरा दिवस वाढवलीय. एकोणीस तारखेपर्यंत आहे. गेल्या आठवड्यातच पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्यात. तुम्ही पेपर वाचत नाही का?”

रोज चार तास पेपर वाचणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. एरवी त्यानं त्या मुलीला दीड तास समजावलं असतं. आज त्यानं मान खाली घातली आणि “नाही” म्हणाला. जीव भांड्यात पडल्यावर माणूस काहीही कबूल करतो.

पण भांडं फुटकंच निघालं. अर्जाला पुरावा हवा होता. फुटपाथवरच्या माणसाकडे पुरावा कसला असणार, ना वीजबिल, ना भाडेपावती. बाकीच्यांनी काय जोडलं, तर दंडाच्या पावत्या. बेकायदा बसल्याबद्दल पालिकेनंच वेळोवेळी फाडलेल्या, तारीख आणि जागेसकट. ज्याला जास्त दंड, त्याचा हक्क जास्त पक्का. किल्लीवाल्याकडे अशा एकोणतीस पावत्या होत्या. अग्रलेखाकडे एकही नव्हती. कारण पालिकेचा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला की हा त्याला धरून बसवायचा आणि दंड या विषयावर मत सांगायला सुरुवात करायचा. अर्ध्या तासात तो माणूस पुढच्या गल्लीत काम आहे म्हणून निघून जायचा. सव्वीस वर्षांत एकदाही दंड भरला नाही, ही गोष्ट त्यानं रस्त्यावर कितीदा तरी छाती फुगवून सांगितली होती.

दुपारी तो हात हलवत घरी आला आणि झालेलं सगळं बायकोला सांगितलं. तिनं काज पुरं केलं, दोरा तोडला.

“म्हणजे बोलून बोलून तुम्ही स्वतःचा पुरावा घालवलात.”

“आता तूही बोल.”

“बोलत नाही, विचार करतेय. पुस्तकांच्या मागे तारीख लिहिता ना तुम्ही? आणि भिंतीचा पत्ता? ती पुस्तकं गेली कुठं? लोकांच्या घरीच आहेत ना?”

अग्रलेखानं उठून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘इथून नेलेली जुनी पुस्तकं चार दिवसांसाठी परत हवीत. शेवटच्या पानासकट.’

पुठ्ठा भिंतीला लागला आणि लोकांनी मनावर घेतलं. या माणसाला कंटाळणारे पुष्कळ होते, पण तो उठून जावा असं कुणालाच वाटत नव्हतं. घड्याळवाल्याची सून स्वयंपाकाची तीन पुस्तकं घेऊन आली. त्या दोन जावा एकाच पिशवीतून कादंबऱ्या घेऊन आल्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. त्यांनी हातगाडीवरून साठ पुस्तकं आणली. “विषयवार लावली आहेत. परत करताना अशीच लावून द्या,” म्हणाल्या. शेवटी एकूण एकशेचाळीस पुस्तकं जमली.

आणि मग अग्रलेखानं ती मागून उघडून वाचायला घेतली. आपलीच मतं, एका दमात, एकशेचाळीस. पाचव्या पुस्तकाशी त्याचे कान लाल झाले. ‘माझं मत: नवा पूल माझ्या नातवंडांनाही पुरेल.’ पूल तडे जाऊन दोन महिन्यांत बंद झाला होता. ‘माझं मत: हे मोबाइल फोनचं खूळ वर्षभरात ओसरेल.’ ‘माझं मत: हा मंत्री निर्मळ मनाचा आहे.’ तो निर्मळ माणूस पुढं चार वर्षं तुरुंगात होता. मूळव्याधीच्या पुस्तकापर्यंत येता येता त्यानं खिशातून खोडरबर काढला.

बायकोनं तो हातातून काढून घेतला.

“अगं, किंमत आणि तारीख तेवढी ठेवतो. मतं खोडतो. हे सगळं सरकारी कचेरीत नेऊन ठेवायचं म्हणजे माझी शोभा होईल.”

“खाडाखोड केलेला कागद चालतो का कचेरीत? जागा हवी आहे की अब्रू, ते ठरवा.”

“दोन्ही.”

“दोन्ही मिळणार नाही,” ती म्हणाली आणि खोडरबर बटणांच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

अब्रूपेक्षा मोठी अडचण निराळीच होती. पंधरा वर्षांपूर्वीचं पुस्तक एकच मिळालं, बाईंच्या साठांतलं व्याकरणाचं. ते सतरा वर्षांपूर्वीचं होतं, बाई शपथेवर सांगायला तयार होत्या. पण शेवटच्या पानाला कसर लागली होती. दिवस शाबूत, महिना शाबूत, आणि साल नेमकं कसरीनं खाल्लेलं. बाकीच्यांत सगळ्यांत जुनं होतं चौदा वर्षांचं.

“बघू,” अग्रलेख म्हणाला. “साहेब चांगला असला तर एक वर्ष सोडील.” त्याचं मत नेहमी कुठल्या बाजूला पडतं हे माहीत असल्यानं बायकोनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

एकोणीस तारखेला सकाळी अग्रलेख, बायको, किल्लीवाला आणि हातगाडी, अशी वरात पालिकेत गेली. परवान्यांचे अधिकारी चष्मा कपाळावर चढवलेले, निवृत्तीला टेकलेले, शांत गृहस्थ होते. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर चौकटीत एक प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं. अग्रलेखाचं तिकडं लक्ष नव्हतं. साहेबांनी पहिलं पुस्तक उचललं, मागून उघडलं, वाचलं. दुसरं वाचलं. चौथ्या पुस्तकाला त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मोठ्यानं वाचलं.

“‘माझं मत: पालिकेच्या तीन नंबरच्या खिडकीला कार्यक्षमतेचं बक्षीस. ते घ्यायला तरी जागे झाले होते का?’”

किल्लीवाला छताकडे बघायला लागला.

“त्या वर्षी तीन नंबरच्या खिडकीत मी होतो,” साहेब म्हणाले. “हे बक्षीस मला मिळालं होतं.” त्यांनी मागं वळून प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढलं आणि पुस्तकाशेजारी ठेवलं. अग्रलेखाला पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते कळलं. आता जागाही गेली आणि अब्रूही, असा त्यानं हिशेब केला.

पण साहेब मताकडे बघतच नव्हते. ते तारखा बघत होते. “समारंभ झाला बारा जूनला. तेरा जूनला पेपरात आलं. तुम्ही लिहिलंय तेरा जुलैला. महिन्यानं?” त्यांनी पुलाचं पुस्तक ओढलं. “पुलाचं उद्घाटन मला चांगलं आठवतं, आम्ही सगळे उन्हात उभे होतो. तेही इथं महिनाभर उशिरा.” त्यांनी आणखी पाच पुस्तकं बघितली, पाचही महिनाभर मागं. साहेबांचा चेहरा कठोर झाला. “हे सगळं तुम्ही परवा बसून लिहिलंय. जुन्या बातम्या शोधल्यात, आणि तारखा चुकल्यात. बनावट पुरावा दिला तर काय होतं, माहीत आहे?”

अग्रलेखाची दातखीळ बसली. सव्वीस वर्षं अखंड चाललेलं तोंड नेमकं आज बंद पडलं. शेवटी किल्लीवाला पुढं झाला. “साहेब, बनावट नाही. हा माणूसच महिनाभर मागं आहे.” आणि त्यानं सगळं सांगितलं, चार पोती पुस्तकं, रद्दीचा गठ्ठा, एकोणीसचा पाढा. भरीत भर म्हणून चहाच्या पैजाही सांगितल्या.

“म्हणजे निकाल तुला आधीच माहीत असायचे?” अग्रलेखाला वाचा फुटली.

“ते आपण बाहेर बोलू.”

साहेबांनी उरलेली पुस्तकंही एकामागून एक मागून उघडून तारखा बघितल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि ते हसताहेत हे कळायला समोरच्यांना थोडा वेळ लागला. “मी पस्तीस वर्षं बनावट कागद बघतोय,” डोळे पुसत ते म्हणाले. “खोटं लिहिणारा माणूस तारीख दहा वेळा तपासून लिहितो. एकशेचाळीस वेळा, न चुकता, महिनाभर मागं राहणं कुणाला ठरवूनही जमणार नाही. पुरावा खरा आहे.” त्यांनी प्रशस्तिपत्र परत भिंतीवर टांगलं. “आणि त्या समारंभाला मी जागा होतो.”

मग ते पुन्हा बसले आणि त्यांचं हसू मावळलं. “पण नियम पंधरा वर्षांचा आहे. यात सगळ्यांत जुनं चौदा वर्षांचं. याचं साल गेलेलं.”

“ते कसरीनं खाल्लं, साहेब.”

“खाल्लं असेल. पण कसरीची साक्ष मला फाइलला लावता येत नाही. आज शेवटचा दिवस आहे. एक तरी पुस्तक द्या. एक.”

अग्रलेखानं हातगाडीकडे बघितलं, किल्लीवाल्याकडे बघितलं. कुणाकडेच काही नव्हतं. त्याला रडू येत होतं, आणि ते लपवायला तो पुस्तकं गोळा करायला लागला.

तेव्हा बायकोनं आपली पिशवी उघडली. सकाळपासून ती पिशवी तिनं खांद्यावरून उतरवली नव्हती. आतून कागदात गुंडाळलेलं एक पातळ पुस्तक काढून तिनं टेबलावर ठेवलं. कपडे बेतायचं पुस्तक होतं, मापांच्या आकृत्यांचं. अग्रलेखानं ते ओळखलं आणि त्याचा हात आपोआप पुढं गेला. पण साहेबांनी ते आधी उचललं, शेवटचं पान उघडलं.

“टपाल कचेरीची भिंत. तारीख, साल... तेवीस वर्षं.” साहेबांनी चष्मा नीट केला आणि हळूहळू वाचलं. “‘आज एका मुलीनं हे पुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं. किमतीवरून घासाघीस केली नाही. पैसे घेऊन उद्या येते म्हणाली. माझं मत: येईल.’”

त्यांनी बोट त्या ओळीवरच ठेवलं.

“ही बातमी कुठल्या पेपरातली?” साहेबांनी विचारलं. “महिनाभर आधीची?”

“नाही,” अग्रलेख टेबलाकडे बघत म्हणाला. “ती त्याच दिवशीची आहे.”

“म्हणजे ताजी?”

“हो. तेवढी एकच.”

“आणि मग? आली का ती मुलगी?”

“आले ना,” बायको म्हणाली. “नाहीतर इथं कशाला उभी राहिले असते?”

साहेबांनी पुस्तकाकडे बघितलं, हातगाडीतल्या ढिगाकडे बघितलं. “एकशेएक्केचाळीस मतं,” म्हणाले, “आणि एक बरोबर निघालं.” मग त्यांनी शाईचा डबा जवळ ओढला आणि अर्जावर शिक्का मारला.

बाहेर पडल्यावर किल्लीवाला बाजूच्या उतारावरून हातगाडी ढकलत मुद्दाम पुढं गेला. अग्रलेख बायकोबरोबर पायऱ्या उतरत होता. तेवीस वर्षांत दोघांपैकी एकानंही त्या ओळीचा विषय काढला नव्हता. शिवणाचं पुस्तक मागून कोण उघडतंय, तिनं ती पाहिलीच नसणार, असं तो आजवर धरून चालला होता. तेही त्याचं एक मतच होतं.

“ते तू कधी वाचलंस?” त्यानं विचारलं.

“पुस्तक घरी नेलं त्याच दिवशी,” ती म्हणाली. “मी काही तुमच्यासारखी महिनाभर थांबत नाही.”